मायाळू नागपुरात बारा महिने कसा टिकवायचा

फेब्रुवारी संपता संपता नागपुरात पालक-मेथी फुलोऱ्यावर येते. मार्चात पानं चामट होतात आणि एप्रिल ते जून भाजीवाल्याच्या पाटीत पालेभाजी म्हणून जे असतं ते सकाळी दहालाच माना टाकून बसलेलं असतं. मायाळूचं गणित याच्या नेमकं उलट आहे. तो उष्ण प्रदेशातला, अनेक वर्षं जगणारा वेल. तिशीतल्या तापमानात तो सुखात असतो, मुळाशी ओल टिकली तर चाळिशीतही पानं देतो. त्याला खरी बाधते ती थंडी.

तरी बहुतेक गच्च्यांवर त्याचं आयुष्य एका पावसाळ्यापुरतं असतं. जूनमध्ये लावला, दसऱ्याच्या आसपास फुलला, डिसेंबरात पानं झडली, आणि वेल गेला असं समजून कुंडी रिकामी केली. बऱ्याचदा तो गेलेला नसतो, झोपलेला असतो. मायाळू वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर दोनच ठिकाणी जपायचं आहे: मे महिन्यात मुळ्या तापू द्यायच्या नाहीत आणि थंडीत मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. उरलेलं सगळं काम कात्रीचं.

कोणता लावायचा

मायाळूचं शास्त्रीय नाव बेसेला अल्बा. हिंदी भाषक त्याला पोई म्हणतात, बंगाली पुँई, कन्नड लोक बसळे. दोन प्रकार सहज मिळतात. हिरव्या देठाच्या प्रकाराची पानं मोठी, जाड आणि भाजीला मवाळ. लाल-जांभळ्या देठाचा प्रकार दिसायला देखणा, कुंपणावर शोभतो, पण शिजवला की रंग सोडतो आणि देठ जरा लवकर जून होतात. ताटासाठी लावायचा असेल तर हिरवा घ्या. दोन्ही लावायला हरकत काहीच नाही, निगा तीच.

कुणाच्या कुंपणावरून काडी आणणार असाल तर एक खात्री करून घ्या. गुळवेलीचं पानही बदामाच्या आकाराचं असतं आणि दुरून फसगत होते. गुळवेलीचं पान पातळ आणि कडू, जुन्या वेलाची साल खडबडीत, आणि त्याला दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. मायाळूचं पान मांसल, गुळगुळीत, दोन्हीकडून चकचकीत. मोडून चोळलं की बोटांना बुळबुळीत लागतं.

जुडीतूनच रोप

बियांपासून मायाळू येतो, पण सोपा मार्ग बाजारातून जातो. पावसाळ्यात मायाळूची जुडी जाड देठांसकट मिळते. पानं भाजीला काढा आणि पेन्सिलीएवढे जाड, कोवळे नाहीत आणि लाकडासारखे झालेलेही नाहीत असे देठ बाजूला ठेवा. प्रत्येक काडी १५ ते २० सेंटिमीटरची, तीन-चार पेरांची हवी. खालचा काप पेराच्या अगदी खाली, तिरका. वरचा सपाट. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. शेंड्याकडचं एक लहान पान ठेवून बाकीची काढून टाका, कारण मुळं नसलेल्या काडीला मोठी पानं पोसता येत नाहीत. ती पानांतूनच सुकते.

काड्या सावलीत दोन-तीन तास ठेवा, काप थोडा सुकू द्या. देठ पाणीदार असल्यानं ओला काप थेट ओल्या मातीत गेला की कुजतो, आणि काड्या वाया जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. मग दोन पेरं मातीत आणि दोन वर राहतील अशा खोचा. सावलीत, माती ओलसर ठेवून, एक ते दोन आठवड्यांत मुळं धरतात. नवं पान उलगडलं की समजायचं काडी लागली. पाण्याच्या बाटलीतही मुळं फुटतात, पण पाणी दर दोन दिवसांनी बदललं तरच, आणि मुळं बोटभर होण्याआधीच काडी मातीत हलवायची. पाण्यात वाढलेली लांब मुळं मातीत टिकत नाहीत.

बी लावायचं असेल तर ते कठीण कवचाचं असतं हे लक्षात ठेवा. सँडपेपरवर दोन-तीनदा घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि एक सेंटिमीटर खोल पेरा. उगवायला दहा ते वीस दिवस लागतात. आठव्या दिवशी माती उकरून बघायची घाई बी मोडते. चार-पाच पानांवर रोप आलं की कायमच्या जागी.

लावण्याची वेळ नागपुरात दोनदा येते. पहिली मध्य फेब्रुवारी ते मध्य मार्च. रात्रीचा गारवा ओसरलेला असतो आणि मे येईपर्यंत वेलाला मुळं पसरायला दोन महिने मिळतात. दुसरी मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावर. मे महिन्यात काडी लावणं म्हणजे ती उकडणं, आणि दिवाळीनंतर लावलेली काडी फेब्रुवारीपर्यंत जिथल्या तिथे बसून राहते.

काळी माती: अर्धी मदत, अर्धी अडचण

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय ज्या शहरात आहे, तिथेही घरोघरी कुंडीत नुसती काळी माती दाबून भरली जाते. काळी माती सुपीक आहे, ओल धरून ठेवते, पण ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. शेतात हे चालतं. कुंडीत ती पावसाळ्यात चिखलाचा गोळा होते आणि उन्हाळ्यात कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आणि वेल तहानलेला.

म्हणून मिश्रण असं करा: दोन घमेली काळी माती, एक घमेलं कन्हान नदीची जाडसर रेती, दीड घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. त्यात प्रत्येक कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. गच्चीवर वजनाची काळजी असेल तर एक घमेलं माती कमी करून तेवढं भिजवलेलं कोकोपीट घाला. शेणखताला शेणाचा वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल तर ते अजून तयार नाही. ते मुळं जाळतं आणि हुमणीही घेऊन येतं.

कुंडी किमान बारा इंची, एका वेलासाठी. १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच ग्रोबॅगमध्ये साधारण ४० लिटर मिश्रण मावतं, तीत दोन वेल आरामात. यापेक्षा लहान कुंडी पावसाळ्यात चालते आणि मे महिन्यात दगा देते, कारण थोडी माती लवकर तापते. जमिनीत लावायचं असेल तर सपाट वाफा नको. सहा-आठ इंच उंच वरंबा करा आणि दोन वेलांत दीड फूट अंतर ठेवा.

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे तिचा विम्लपणा. मायाळूला किंचित आम्ल ते उदासीन माती मानवते. आपली माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं पण मुळांना उचलता येत नाही. याउलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. हा फरक ओळखता आला तर निम्मी औषधं वाचतात. लोहासाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारल्यावर दहा दिवस त्या वेलाची पानं खाऊ नका. पण आधी कुंडीत पाणी साचत नाही ना ते पाहा. कोंदलेल्या मुळ्यांनाही लोह घेता येत नाही आणि लक्षण अगदी तेच दिसतं.

पाणी, आणि कोणतं पाणी नको

मायाळूची पानं पाण्यानं भरलेली असतात. पाण्यात खंड पडला की वेल मरत नाही, पण पानं लहान आणि जाड होतात आणि वेल लवकर फुलावर जातो. मे महिन्यात १५ इंची ग्रोबॅगला सकाळी सहा-सातच्या आत तीन लिटर आणि सूर्य मावळल्यावर दीड-दोन लिटर लागतं. पावसाळ्यात तीन दिवस कोरडे गेले तरच पाणी. हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड लिटरभर पुरतं. हे आकडे सुरुवातीसाठी. खरा मापक बोट. दोन इंच खोल बोट घाला, ओल लागली तर त्या वेळचं पाणी टाळा.

दुपारी पाणी देऊ नका, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर कधीच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पाइपातून आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात पोळण्याइतकं गरम असतं. संध्याकाळीसुद्धा पहिली बादली फरशी धुवायला वापरा आणि मगच कुंड्यांकडे वळा.

आणखी दोन पाणी टाळायची. एक कूलरच्या टाकीतलं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आठ दिवसांनी टाकी रिकामी करताना ते पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याचा मोह होतो, पण एरवीच्या पाण्याच्या कित्येक पट क्षार त्यात साठलेले असतात. दुसरं आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी, रोजच्या रोज घालायला. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला आणि पानांच्या कडा करपू लागल्या की क्षार साचले समजा. मग एकाच वेळी भरपूर पाणी सोडून ते खालून वाहू द्या, अर्ध्या तासानं पुन्हा तेच करा. बोअरचं पाणी वापरत असाल तर मार्च ते मे महिन्यातून एकदा हे करावंच लागतं. पहिला जोरदार पाऊस मग हे काम फुकटात करून देतो.

मे महिना

पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा पानं दुपारी मलूल होतात. ते चालतं. संध्याकाळी पुन्हा ताठ झाली म्हणजे वेल ठीक आहे. संध्याकाळीही मान वर आली नाही तर मुळं भाजली आहेत किंवा माती कोरडी पडली आहे.

गच्चीवर धोका वरून येणाऱ्या उन्हापेक्षा खालच्या स्लॅबचा जास्त असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत कुंडीचं बूड शेकत राहतो. म्हणून कुंडी दोन विटांवर ठेवा, खालून हवा खेळू द्या. बाजूनं ओला बारदाना गुंडाळा. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो कूलरच्या ताटीसारखंच काम करतो, ओल उडताना कुंडी गार राहते. पश्चिमेच्या भिंतीलगत कुंडी नको. पूर्वेकडून सकाळी दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल आणि नंतर सावली येईल अशी जागा सापडली तर उन्हाळ्याचं निम्मं काम झालं.

हिरवी नेट पन्नास टक्के सावलीची घ्या. पंचाहत्तर टक्क्यांच्या नेटखाली वेल वाचतो पण लांबुडका आणि पातळ पानांचा होतो. ती वेलाला टेकवून बांधू नका, दीड-दोन फूट वर ताणा, नाहीतर खाली भट्टी तयार होते. मार्चअखेरीस बांधायची आणि पहिला पाऊस पडला की त्याच आठवड्यात उतरवायची. बरेच लोक बांधतात वेळेवर आणि उतरवतात दिवाळीच्या साफसफाईत. मग पावसाळ्यात पानांना डाग पडतात आणि दोष पावसाला.

मातीवर तीन इंच आच्छादन हवंच. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, सगळ्यात उत्तम. मिळालं नाही तर वाळलेला पाला. खोडापासून दोन बोटं जागा मोकळी ठेवा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, तोडणी पूर्ण थांबवा आणि खतही देऊ नका. त्या नऊ दिवसांत वेलाकडून पानांची अपेक्षा ठेवू नये, त्यानं जगावं एवढंच पुरे.

कात्री

मोकाट सोडलेला मायाळू वीस-पंचवीस फूट चढतो, खालचं खोड उघडं पडतं आणि पानं अशा ठिकाणी लागतात जिथे स्टूल लावून पोचावं लागतं. भाजीसाठी तो छातीच्या उंचीचा आणि झुडुपासारखा दाट हवा.

वेल एक फुटाचा झाला की शेंडा खुडा. दोन-तीन बगलफुटी निघतात. त्या एकेक फुटाच्या झाल्या की त्यांचेही शेंडे. एवढं दोनदा केलं की एका वेलाला आठ-दहा शेंडे तयार होतात, आणि पुढे भाजी मिळते ती याच शेंड्यांतून. आधार म्हणून चार-पाच फुटी बांबूंवर सहा इंची चौकटीची नायलॉन जाळी ताणली तर सगळ्यात सोयीचं. बाल्कनीच्या लोखंडी कठड्यावर चढवू नका. मे महिन्यात कोवळी खोडं त्या लोखंडाला चिकटून भाजतात.

काडीपासून लावलेला वेल पाच-सहा आठवड्यांत, बियांचा दोन महिन्यांत तोडणीला येतो. तोडताना एकेक पान खुडण्याऐवजी १५ ते २० सेंटिमीटरचा शेंडा देठासकट कापा, आणि फांदीवर किमान दोन निरोगी पानं मागे ठेवा. नवे फुटवे त्यांच्याच बगलेतून येतात. एका वेळी वेलाची तिसरा हिस्सा पानं काढा, जास्त नाही. पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी तोडणी होते, मार्च-एप्रिलमध्ये पंधरा दिवसांनी. सहा ग्रोबॅग म्हणजे बारा वेल असतील आणि आळीपाळीनं तोडले तर जुलै ते सप्टेंबर चौघांच्या घरात आठवड्याला दोनदा भाजी होते. एका कुंडीतल्या एका वेलावर डाळीत टाकण्यापुरतीच.

तोडणी सकाळी करा, पानं तेव्हा भरलेली असतात. बोटांनी ओढून तोडू नका. खोड मऊ असतं, साल खालपर्यंत सोलून निघते आणि तिथूनच कूज शिरते.

दर दुसऱ्या तोडणीनंतर प्रत्येक वेलाला दोन मुठी गांडूळखत, किंवा शेणाची स्लरी: एक किलो शेण दहा लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून, गाळून, दुप्पट पाणी घालून, वेलामागे लिटरभर. युरिया द्यायचाच असेल तर पाच लिटर पाण्यात एक सपाट चमचा, आणि ते पाणी पाच कुंड्यांत वाटून. त्याहून जास्त दिलेल्या युरियानं पानं तळहाताहून मोठी होतात खरी, पण ती पिळपिळीत असतात आणि मावा त्यांच्यावर तुटून पडतो.

फुलं आली की

दिवस तेरा तासांपेक्षा लहान झाला की मायाळूला फुलांची हुक्की येते. नागपुरात दिवस तेरा तासांहून मोठा असतो तो साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे पोळा येतो तोवर पानांच्या बगलेत पांढऱ्या-गुलाबी मण्यांचे तुरे दिसायला लागलेच पाहिजेत. ही तुमची चूक नाही, खताची कमतरता नाही, आणि वेल संपल्याचं लक्षणही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटलेल्या फांद्यांवरही कळ्या येतात, कारण तेव्हाही दिवस लहानच असतो.

उपाय एकच, तुरे दिसले की खुडायचे, आणि तोडणी लांबवायची नाही. नियमित कापलेल्या वेलाचे शेंडे कोवळे राहतात आणि फुलं कमी धरतात. पंधरा दिवस गावाला जाऊन आल्यावर वेल तुऱ्यांनी भरलेला दिसला तर एकेक खुडत बसू नका, प्रत्येक फांदी सरळ निम्म्यावर कापा. सप्टेंबरअखेरपर्यंत हे चालतं. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र वेलाशी भांडू नये; एखाद्या वेलावर फळं धरू द्या, बियांना होतील.

काय बिघडतं

पावसाळ्यात पानांवर गोल डाग, मध्ये फिकट आणि कडेला लालसर-तपकिरी, ही बुरशी. दाटी, रात्री ओली राहणारी पानं आणि हवा न खेळणं ही तिची कारणं. डागाळलेली पानं काढून कचऱ्यात टाका, खतखड्ड्यात नको. आतली दाटी कमी करा. पाणी मुळाशी द्या. जी पानं आठ दिवसांनी ताटात येणार त्यांच्यावर बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही. डाग आवरेनात तर वेल जमिनीपासून फुटावर छाटा. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत तो स्वच्छ पानांनी पुन्हा भरतो. हा खरा बहुवर्षायू वेलाचा फायदा.

वाढ खुंटली, पाणी-खत असूनही दुपारी वेल मलूल, आणि उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी: हे सूत्रकृमी, मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत. मायाळू त्यांना फार लवकर बळी पडतो. गाठी लागलेला वेल वाचवत बसू नका. तो काढून टाका, माती मे महिन्यात काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून, वर पारदर्शक प्लॅस्टिक झाकून चार आठवडे तापवा. एवढ्या एका कामासाठी नागपूरचं ऊन वरदान आहे. टोमॅटो, वांगी, भेंडी निघालेल्या कुंडीत मायाळू लावू नका, त्याच किडी तिथे वाट पाहत असतात. लावताना घातलेली निंबोळी पेंड आणि वाफ्यात मध्ये मध्ये झेंडू यांनी त्यांचा जोर कमी राहतो.

मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यांवर येतात. मुंग्यांची रांग दिसली तर आधी शेंडा तपासा. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते. नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि मिलिलिटरभर भांडी घासायचा द्रवसाबण, नीट ढवळून, संध्याकाळी, पानांच्या खालून. पुढची तोडणी सात दिवसांनी. पाऱ्यानं चाळिशी ओलांडली असेल तर तेल फवारू नका, पानं करपतात. जुलै-ऑगस्टमध्ये पानांना रात्रीतून मोठी भोकं पडली तर बॅटरी घेऊन नऊनंतर गच्चीवर जा. गोगलगाय नाहीतर अळी हाती लागते. हातानं वेचणं हेच औषध.

खोड जमिनीलगत काळं, मऊ, दाबलं की पाणी सुटणारं झालं असेल तर मुळाकडून कूज आहे. वरच्या निरोगी भागाच्या काड्या ताबडतोब कापून नव्या मातीत लावा आणि जुनं सोडून द्या.

थंडी

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन शहरात भरतं त्या सुमारास मायाळू कोमेजायला लागतो. रात्री दहा-बारा अंश झाल्या की वाढ थांबते, पानं लहान आणि जांभळट होतात, मग गळतात. बहुतेक वेल याच दिवसांत मरतात, आणि थंडीनं कमी, आपल्या मायेनं जास्त. पानं गळताहेत म्हणून पाणी वाढवलं जातं, खत घातलं जातं. थंड मातीत झोपलेली मुळं ते उचलत नाहीत आणि कुजतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून खत बंद. पाणी निम्म्याहून कमी, तेही सकाळी ऊन आल्यावर. मोठी छाटणी आता अजिबात नको. थंडीत जखमा भरत नाहीत आणि कापापासून खोड सुकत खाली येतं. कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत सरकवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तिथे दिवसभर ऊन लागतं आणि भिंत रात्री ऊब देते. पारा दहाच्या खाली जाणार असेल तर रात्री वेलावर जुनी सुती चादर टाका, सकाळी काढा.

विमा म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पाच-सहा काड्या लहान कुंड्यांत लावून स्वयंपाकघराच्या उन्हाच्या खिडकीत ठेवा. त्या वाढणार नाहीत, पण जगतील.

महाशिवरात्रीच्या आसपास रात्रीचं तापमान पंधराच्या वर स्थिरावलं की खोडाची साल नखानं खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर वेल जिवंत आहे. वाळलेला भाग काढत हिरवं लागेपर्यंत खाली या आणि फूट-दीड फूट खोड, चार-सहा डोळे ठेवून छाटा. वरची दोन इंच माती काढून तेवढं गांडूळखत भरा, मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि पाणी हळूहळू वाढवा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. जुन्या मुळांवरचा हा फुटवा काडीच्या रोपापेक्षा कितीतरी जोमदार असतो आणि मे येईपर्यंत दोन-तीन तोडण्या देतो.

ताटात येताना

नावं ठेवली जातात ती मायाळूच्या बुळबुळीतपणाला, आणि तो आवरणं सोपं आहे. पानं धुऊन, पूर्ण निथळून मगच चिरा, आणि भाजीत आंबट काहीतरी असू द्या. विदर्भाच्या पद्धतीची पातळ भाजी यासाठी चपखल: भिजवलेली चणाडाळ आणि शेंगदाणे शिजवून घ्या, चिरलेला मायाळू घालून पाच-सात मिनिटं, मग आंबट ताकात कालवलेलं दोन चमचे बेसन, आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी, सांभार (म्हणजे कोथिंबीर). ज्यांना ही भाजी अजिबात नको असते त्यांच्यासाठी भजी. अख्खं पान ओवा घातलेल्या दाट बेसनात बुडवून तळलं की बुळबुळीतपणाचा मागमूस राहत नाही.

या पानांत ऑक्झलेट बऱ्यापैकी असतात. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रोज खाऊ नये आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं. इतरांनी पानं उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून ते पाणी टाकून दिलं तरी ऑक्झलेट कमी होतात.

नवं जुनं

दोन-अडीच वर्षांनी खालचं खोड लाकडासारखं होतं, फुटवे बारीक येऊ लागतात. त्या वर्षीच्या जुलैत त्याच वेलाच्या काड्या शेजारच्या कुंडीत लावा आणि त्या धरल्या की जुना काढा. चार-पाच वर्षांनी एकदा मात्र बियांपासून नवी पिढी आणावी, म्हणजे काड्यांतून पुढे पुढे जाणारे रोग तुटतात. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळं पूर्ण काळी-जांभळी, मऊ झाल्यावर काढा. जुन्या कपड्यांत बसा आणि हातमोजे घाला, कारण हा रस फरशीवरून निघतो पण पांढऱ्या सदऱ्यावरून नाही. फळं पाण्यात चोळून गर काढा, बी सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदी पाकिटात तारीख लिहून ठेवा. दोन-तीन वर्षं ते चांगलं उगवतं.